पठारावरचा कळप

गोगलगाय चालायला लागली की सेलिना आन्साला वाटायचं, घाई नावाची गोष्ट आता जगात उरलेलीच नाही. घराएवढी पिवळी गाडी, माणसाच्या उंचीची चाकं, पाठीवर आभाळाकडे तोंड करून बसलेली प्रचंड पांढरी तबकडी, आणि चाल मात्र जेवणानंतर शतपावली घालणाऱ्याची. म्हणून तर वेधशाळेतले सगळे तिला गोगलगाय म्हणायचे. आभाळाचा कानोसा घेणाऱ्या अशा कितीतरी तबकड्या त्या पठारावर उभ्या होत्या. शास्त्रज्ञांना त्या कधी एकमेकींना खेटून हव्या असत, कधी दूरदूर पांगलेल्या. त्यांनी तसं सांगितलं की सेलिनानं एकेकीला उचलायचं, नव्या जागी न्यायचं आणि झोपलेलं मूल दुसऱ्या अंथरुणावर ठेवावं तसं अलगद टेकवायचं.

गाडीच्या पुढे हातात लाल झेंडा घेऊन एफ्राइन चालायचा. तो पार दक्षिणेकडचा, चिलोए बेटावरचा. त्याच्या गावी वर्षभर पाऊस आणि अंगणापर्यंत समुद्र. इथे पावसाचा थेंब नाही, आणि हवा इतकी विरळ की नवा माणूस जिना चढताना मधेच बसतो. एफ्राइन बुटका, गोल चेहऱ्याचा, पाठीवर ऑक्सिजनची टाकी, नाकात नळी. पाण्यातला मासा डोंगरावर आणून सोडलाय, असं लोक म्हणायचे. पण सेलिनाच्या पुढे तो कितीतरी वर्षं चालत होता आणि अजून एकदाही पडला नव्हता.

"बाई, डावीकडे दगड आहे," वायरलेसवर त्याचा आवाज यायचा.

"दिसला. तू आधी आपलं नाक सांभाळ, बेटकऱ्या. नळी निसटली बघ."

"माझी निसटते तरी. तुझी कुठे आहे?"

"आहे की गळ्यात."

"गळ्यात हार घालतात, बाई. नळी नाकात घालतात."

नियम सगळ्यांना सारखा होता. पठारावर चढलं की ऑक्सिजन लावायचा. सेलिनाच्या केबिनमध्येही टाकी होती, नळी होती, डोक्याजवळ पितळी चावी होती. खालच्या तळावरून निघताना ती नळी नाकात घालायची, वरच्या चौकीतल्या माणसाला हात करायची, आणि पठार लागलं की चावी बंद करून नळी गळ्यात सोडायची. कुणी टोकलंच तर म्हणायची, "माझ्या आजीनं या डोंगरात कळप चारले. तिच्या पाठीवर कुठली टाकी होती?"

ते खरं होतं. सेलिना सोकाइरे गावची, म्हणजे मिठाच्या विस्तीर्ण मैदानाच्या वर, डोंगराच्या कुशीतल्या दगडी घरांची. तिची आई एउदोसिया लामांचा कळप राखायची. उंच मानेची, लोकरीनं भरलेली, शहाण्या माणसासारखी बघणारी ती जनावरं घेऊन ती उन्हाळ्यात इतकी वर जायची की गावातून वरच्या डोंगराच्या अंगावर फक्त ठिपके हलताना दिसायचे. वडील किनाऱ्यावरच्या तोकोपिया बंदरातले. दोन मुली झाल्यावर ते परत समुद्राकडे गेले ते गेलेच. एउदोसिया सेलिनाच्या बरगड्यांवर हात ठेवून म्हणायची, "ही छाती माझी आहे. हिला डोंगर कधी दमवणार नाही." सेलिनानं ते वाक्य आयुष्यभर सांभाळलं.

पण चावी बंद करण्यामागे आणखी एक कारण होतं, आणि ते तिनं कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

आई गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ते सुरू झालं. गोगलगाय पठारावर चालली होती. तांबडी जमीन, निळंकाळं आभाळ, दोन्हींच्या मधे काहीच नाही. इंजिनाची घरघर हळूहळू कापसात गुंडाळल्यासारखी झाली. हातापायांचं वजन गेलं. आणि उजव्या अंगाला, पुढच्या चाकाच्या थोडं पलीकडे, आई चालत होती. डोक्यावर काळपट टोपी, पाठीवर रंगीत पट्ट्यांचं कापड बांधलेलं, त्यात चहाची किटली आणि भाकरी असणार. पुढे कळप. लामांच्या कानांत लाल लोकरीचे गोंडे, उत्सवात बांधतात तसे. आई सेलिनाकडे बघत नव्हती. कामात असलेलं माणूस बघत नाही तशी. पण तिची चाल आणि गोगलगायीची चाल एक होती, आणि दोघी बराच वेळ बरोबर चालल्या.

सेलिना घाबरली नाही. तिच्या गावात मेलेली माणसं येतात-जातात, त्यात घाबरण्यासारखं काय? ती फक्त डोळे भरून बघत राहिली. जागेवर पोहोचून तबकडी उतरवल्यावर तिनं वळून पाहिलं, तेव्हा नुसता वारा होता.

पुढे आई पुन्हा आली. रोज नाही, पण येत राहिली. सेलिनाच्या हे लक्षात आलं की नळी नाकात असली तर ती येत नाही. मग सेलिनानं चावी उघडायचं सोडूनच दिलं.

त्या बदल्यात काही गोष्टी जात होत्या, पण त्या इतक्या हळू गेल्या की तिला चोरीचा पत्ताच लागला नाही. किल्ल्या कुठे ठेवल्या ते आठवायचं नाही. जेवणघरात शेजाऱ्याला 'मीठ दे' म्हणायचं असायचं आणि शब्दच सापडायचा नाही, हात नुसता हवेत हलायचा. सुट्टीला खाली गेलं की डोकं ठणकायचं, ओठ जांभळट दिसायचे. वय झालं, ती म्हणायची. चाचाकोमा नावाच्या डोंगरी झुडपाचा कडू काढा प्यायची, कोकाची पानं गालात धरायची आणि पुन्हा वर जायची.

त्या वर्षी डॉक्टर ओयार्से आल्या. उंचावर काम करणाऱ्या माणसांच्या मेंदूचं काय होतं, आणि एकाला जे सोसतं ते दुसऱ्याला का सोसत नाही, याचा त्या अभ्यास करत होत्या. पन्नाशीच्या, सडपातळ, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या बाई. त्यांनी सगळ्यांचं रक्त घेतलं, शहरात नेऊन मेंदूची चित्रं काढली. मग खेळासारख्या चाचण्या. त्या एकदा तळावर करायच्या आणि एकदा वर, नळीशिवाय. थोडाच वेळ, नर्स शेजारी उभी.

तळावर सेलिनानं प्राण्यांची नावं धडाधड सांगितली. लामा, कोल्हा, कुत्रा, गाढव, फ्लेमिंगो, शेळी, व्हेल. डॉक्टरबाई हसल्या. "व्हेल कुठे पाहिलात?"

"याच्या तोंडून," तिनं एफ्राइनकडे बोट केलं. "हा दुसरं काही बोलतच नाही."

वर, चौकीच्या काचेच्या खोलीत, तोच प्रश्न आला. सेलिना म्हणाली, "कुत्रा." मग म्हणाली, "शेळी." मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.

"अजून आठवतात?" डॉक्टरबाईंनी हळूच विचारलं.

"ती... ती आईची. मानेची. लोकरीची."

एफ्राइन दाराशी उभा होता. तो आधी हसला. त्याला वाटलं, बाई मस्करी करतेय. सेलिनाचा चेहरा पाहिल्यावर त्याचं हसू ओठांवरच विरलं. लहानपणापासून जी जनावरं तिनं हाकली, ज्यांच्या पोटाशी टेकून ती झोपली, त्यांचं नाव ती शोधत होती.

"होतं असं," ती बाहेर येताना म्हणाली. "जिभेवर होतं."

"हो," तो म्हणाला. त्या दिवशी त्यानं तिला एकही टोमणा मारला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

रक्ताचा आणि चित्रांचा निकाल यायला वेळ होता. तोवर काम चालूच होतं. हिवाळ्याआधी तबकड्या पांगवायच्या होत्या.

त्या दिवशी सकाळ अगदी स्वच्छ होती. दुपारनंतर वारा सुटेल असं तळावरून सांगितलं होतं. गोगलगाय पाठीवर तबकडी घेऊन पठाराच्या मधोमध आली. पुढे एफ्राइनचा लाल झेंडा, मागे दुरून येणारी मदतीची जीप. सेलिनाच्या अंगात ती ओळखीची ऊब पसरली. घरघर दूर गेली. आभाळ खाली आलं, इतकं की हात लावावासा वाटावा. आणि आज कळप उजव्या अंगाला नव्हता. तो समोरून रस्ता ओलांडत होता.

एकामागून एक, सावकाश. पांढऱ्या, तपकिरी, एक काळी. कानांत गोंडे हलतायत. एका पिल्लानं मधेच थांबून मागे बघितलं. सेलिनानं गाडी थांबवली. तिनं ती इतकी हळुवार थांबवली की पाठीवरच्या तबकडीला कळलंही नसेल.

"काय झालं बाई?" वायरलेस खरखरला.

"कळप जातोय."

"कोण जातंय?"

"आईची जनावरं. जाऊ दे ना त्यांना. आई मागे आहे, ती आली की निघू."

एफ्राइननं समोर पाहिलं. तांबडी रिकामी जमीन, तिच्यावरून सरपटणारी धूळ. त्यानं वायरलेसवर तळाला सांगितलं की गाडी तपासायला थांबलोय, आणि शिडी चढून केबिनमध्ये आला. चढताना त्याला एवढी धाप लागली की बराच वेळ बोलता येईना. सेलिना समोर बघत होती. चेहरा असा निवांत, की त्यानं तो तसा कधी पाहिलाच नव्हता. एउदोसियाला पुरलं तेव्हा खांदा द्यायला तोही गेला होता. हसावं असं त्याला वाटलं नाही.

"किती आहेत?" त्यानं विचारलं.

"पुष्कळ. सगळा कळप आहे."

"आई कुठेय?"

"ती बघ. ती काळी मागे राहिलीय ना, तिच्यापाशी."

"दिसत नाही मला, बाई."

"तुझी नळी आहे ना नाकात," ती समजूत घालावी तसं म्हणाली.

एफ्राइननं तिच्या गळ्यातली नळी उचलली. दोन्ही टोकं तिच्या नाकाशी नीट बसवली, लहान मुलाचं नाक पुसावं तशी. चावी उघडली. "ती जाईपर्यंत थांबू," तो म्हणाला. "घाई नाही. पण एवढं असू दे."

थंड, कोरडा वारा सेलिनाच्या डोक्यात शिरला. थोडा वेळ काही झालं नाही. मग इंजिनाचा आवाज जवळ आला. स्टिअरिंग कडक लागायला लागलं. कपाळात कुठेतरी ठणका होता, तो होताच की काय इतका वेळ? समोरचे गोंडे फिके झाले. कळपाच्या आरपार पलीकडचा दगड दिसायला लागला. आई वाकली, पायातलं काहीतरी काढायला वाकावं तशी, आणि वाकलेलीच राहिली. मग तिथे एक खडक होता. तो तिथे नेहमीच होता. सेलिना त्याच्यावरून खूण धरून गाडी वळवायची.

तिनं हात वर नेला आणि चावी बंद केली.

एफ्राइननं तिला अडवलं नाही. तो शेजारी बसून राहिला, आपल्या टाकीतल्या हवेचा बारीक आवाज ऐकत. बाहेर वारा वाढत होता. सेलिना खडकाकडे टक लावून बघत होती. हळूहळू, अगदी हळूहळू, खडकाला पुन्हा टोपी आली. खांद्याची गोलाई आली. पट्ट्यांचं कापड आलं.

"आली?" त्यानं विचारलं.

"येतेय."

तेवढ्यात तिची नजर खडकाच्या अलीकडे गेली. रस्त्यावर लाल झेंडा पडला होता. वर येताना एफ्राइननं तो टाकून दिला असावा, आणि वाऱ्यानं त्याची काठी फिरवून बरोबर चाकांसमोर आडवी आणली होती. ती त्या झेंड्याकडे बघत राहिली. रोज तो माणूस तिथे चालतो. आज आईनं रस्ता ओलांडला म्हणून तिनं गाडी थांबवली. उद्या आई गाडीच्या पुढे चालायला लागली, आणि तिच्यामागे जायचं म्हणून सेलिनानं चाकं वळवली तर? मागच्या खेपेला वळणावर काय झालं होतं? वळण गेलं कधी ते तिला आठवलंच नव्हतं. गाडी सरळ रस्त्याला लागल्यावर तिला जाग आल्यासारखं झालं होतं. तेव्हाही हा पुढे चालतच असणार, नळी सांभाळत, व्हेलच्या गोष्टी सांगत.

तिनं चावी उघडली. या वेळी स्वतःच्या हातानं, पूर्ण.

आई जाताना तिनं पाहिलं नाही. डोळे मिटून घेतले.

"तू चालव," ती म्हणाली.

"मी?" एफ्राइन दचकला. "अगं, मी परीक्षेपुरती चालवलीय ही. रिकामी! पाठीवर हे एवढं धूड नव्हतं."

"मी शेजारी आहे. सांगते तसं कर." मग तिनं वायरलेस उचलला आणि तळाला स्पष्ट शब्दांत सांगितलं, "चालक बदलतोय. माझं डोकं ठिकाणावर नाही. मला भास झाले. गाडी एफ्राइन नेतोय, जीपमधल्या माणसाला झेंडा घेऊन पुढे पाठवा."

"ठीक आहे, दोन्या सेलिना," तळावरचा माणूस म्हणाला. दोन्या म्हणजे बाईसाहेब, आणि एरवी तो तिला नुसतं सेली म्हणायचा.

एफ्राइननं आपल्या बेटावरच्या सगळ्या संतांची नावं घेतली, काही दोनदा घेतली. दातांत जीभ धरून त्यानं ते धूड हलवलं. "हळू," सेलिना म्हणत होती. "अजून हळू. ती काही तुझी होडी नाही. आता सोड. सोड म्हणते ना! हां." तबकडी तिच्या चौथऱ्यावर टेकली तेव्हा वारा केबिनच्या काचांवर खडे मारत होता. एफ्राइन घामानं भिजला होता. त्या थंडीत.

"बाई," तो म्हणाला, "पुढे चालणं बरं होतं गं."

ती हसली, आणि मग तिला रडू आलं. तो दुसरीकडे बघत बसला.

डॉक्टर ओयार्सेंना तिनं सगळं सांगितलं. पहिल्यापासून, काही न लपवता. बाईंनी ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "हे आम्हाला ठाऊक आहे, सेलिना. उंच चढणाऱ्यांनाही दिसतं. कुणीतरी बरोबर चालतंय असं वाटतं. मेंदूला हवा कमी पडली की तो असं करतो."

सेलिनाला ते फार लागलं. तिची आई, तिची एकटीची, आणि या बाई म्हणतायत की अशा पुष्कळ आया डोंगराडोंगरात लोकांबरोबर हिंडतायत.

निकालही आले होते. डॉक्टरबाईंनी मेंदूचं चित्र उजेडासमोर धरलं. पांढरे बारीक ठिपके होते, नकोत तिथे. आठवणी सांभाळणारा भाग जेवढा असायला हवा त्यापेक्षा थोडा बारीक. रक्त दाट झालेलं, काकवीसारखं. हवा पुरत नाही म्हणून शरीर तांबड्या पेशी वाढवत सुटलं होतं, आणि तेच आता अंगावर आलं होतं.

"पण मी डोंगरातली आहे," सेलिना म्हणाली. "माझी आई, आजी, सगळ्या."

"हो. डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांच्या रक्तात काही गुण आलेत. थोड्या हवेत भागवण्याचे. पण आईकडचं सगळंच्या सगळं मुलीकडे येत नाही. आईच्या टोपलीत हात घालून प्रत्येक मूल एकेक मूठ काढतं. उरलेली मूठ बापाच्या टोपलीतली. तुमच्या मुठीत तो दाणा आला नाही." त्यांनी चित्र खाली ठेवलं. "आणि आला असता तरी मी खात्री दिली नसती. आम्हाला अजून सगळं कळलेलं नाही. काहींच्या रक्तात तो असतो आणि तरी ते आजारी पडतात. पण तुम्ही आता खाली राहायचं, हे मी खात्रीनं सांगते."

"हे परत भरून येईल?"

"रक्त नक्की पातळ होईल. शब्द बरेचसे येतील. ठिपके बहुतेक राहतील."

आई येईल का, हे सेलिनानं विचारलं नाही. उत्तर तिला माहीत होतं.

बाहेर बाकावर एफ्राइन बसला होता. त्याच्याही हातात कागद होता आणि तोंडावर कसलंतरी दडपलेलं हसू. तिनं विचारलं, तेव्हा तो आधी नाही म्हणाला. मग त्याला राहवलं नाही.

"माझ्यात आहे तो दाणा."

"कसला?"

"तोच! डोंगरवाल्यांचा. डॉक्टरबाई म्हणाल्या, कधीकधी असतो कुणाकुणात, कुठून येतो सांगता येत नाही. मासे पकडणाऱ्या बापाच्या पोटी! त्याला टेकडी चढायची म्हटली तरी अंगावर काटा यायचा."

सेलिना त्याच्याकडे बघत राहिली. आयुष्यभर सांभाळलेलं वाक्य तिच्या बरगड्यांतून कुणीतरी उचलून या बुटक्या, ओल्या बेटावरच्या माणसाच्या छातीत नेऊन ठेवलं होतं.

"मेल्या," ती म्हणाली, "आणि तू नळी लावून फिरायचास!"

"म्हणूनच तर डोकं शाबूत आहे," तो म्हणाला. मग जरा घुटमळून, "तुला हवा असता तर दिला असता गं. खरंच."

ती त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला. मग दोघं तिथेच गाडीची वाट बघत बसले.

तिला तळावर नव्या चालकांना शिकवायचं काम मिळालं. पठार तळावरून दिसतही नाही, मधे टेकडी येते. पहिले काही महिने तिला झोप इतकी गाढ लागायची की सकाळी उठल्यावर आपण कुठे आहोत ते कळायचं नाही, आणि त्या झोपेत एकही स्वप्न नसायचं. ओठांचा जांभळेपणा गेला. मीठ, किल्ली, मंगळवार असे शब्द परत आले. काही आलेच नाहीत. लहानपणची एक अख्खी सुगी तिला आठवेना, आणि मागच्या बाकावरच्या पोरांची नावं ती रोज नव्यानं विचारायची.

सोकाइरेला ती गेली तेव्हा रोसाल्बा, तिची धाकटी बहीण, अंगणात लोकर उकलत बसली होती. आता कळप तिचा होता. चुलीवर मक्याचं आणि मटणाचं सूप शिजत होतं. डॉक्टरबाईंची माणसं गावातही येऊन गेली होती आणि रोसाल्बाचं रक्त चांगलं आहे असं सांगून गेली होती.

"पाण्यासारखं वाहतं म्हणाले," रोसाल्बा म्हणाली. "मी म्हटलं, मग सुई कशाला टोचलीत? मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मी रोज वर जाते, रोज खाली येते."

मग सेलिनानं तिला सांगितलं. का खाली आली ते. काय दिसायचं ते.

रोसाल्बाचे हात थांबले. तिनं लोकरीचा गुंता मांडीवर ठेवला. ती बोलली तेव्हा तिचा आवाज रागानं भरला होता. "मी तिच्या वाटेनं जाते. तिचीच काठी घेऊन. तिची जनावरं मी राखते, त्यांची बाळंतपणं मी करते. माझ्याकडे एकदा फिरकली नाही ती."

"अगं, ती आली नव्हती. माझं डोकं—"

"माहितेय मला डोक्याचं! शिकवू नकोस." तिनं डोळे पुसले. "तुझ्या आजारी डोक्याला तरी ती सापडली. माझं आपलं धडधाकट. जळो ते रक्त."

पठारावर सेलिनाला वाटायचं, आपण काही चोरून ठेवलंय. ते कुणाचं चोरलं, हे तिला आत्ता दिसत होतं. ती उठून बहिणीजवळ जमिनीवर बसली. खांद्याला खांदा लागला. रोसाल्बा सरकली नाही.

"कशी होती?" शेवटी रोसाल्बानं विचारलं. नजर चुलीकडे.

"बरी होती."

"तसं नाही. नीट सांग. टोपी कुठली? ती उंदरांनी कुरतडलेली की दुसरी?"

"काळपट. कडा सुटलेली."

"म्हणजे कुरतडलेली. दुसरी मी तिच्याबरोबर दिली होती ना, जाताना." तिनं जरा विचार केला. "आणि पायात?"

"रबराच्या चपला. टायरच्या."

"मोजे?"

सेलिनानं डोळे मिटले. तिनं पुष्कळ शोधलं. धुळीतली पावलं दिसत होती, घोट्यापर्यंत घागरा दिसत होता, तिथून चपलांपर्यंत काहीच नव्हतं. "आठवत नाही गं."

"आठवत नाही की दिसले नाहीत?"

"तेही नाही सांगता येत."

रोसाल्बानं मान हलवली. "थंडी वाजली असेल तिला," ती पुटपुटली. मग तिनं लोकरीचा गुंता सेलिनाच्या मांडीवर टाकला, दुसरं टोक स्वतःकडे ओढलं आणि म्हणाली, "उकलत बस. आणि पहिल्यापासून सांग. पहिल्या दिवशी ती कुठून आली?"

सेलिना सांगू लागली. सूप उतू गेलं, चुलीत चर्रर्र आवाज झाला, पण रोसाल्बा उठली नाही. "हं," ती म्हणाली. "मग?"